विनिपेगच्या हिवाळ्यात गाडीचे ॲव्हरेज: ब्लॉक हीटर, टायमर आणि जाळीतला फोम

माझ्याकडे २०१३ सालची, १.८ लिटर इंजिनाची टोयोटा कोरोला आहे. उन्हाळ्यात कॅनडातल्या विनिपेग शहरात ती १०० किलोमीटरला सुमारे ८.२ लिटर पेट्रोल घेते, म्हणजे आपल्या हिशेबाने लिटरला बारा किलोमीटरचे ॲव्हरेज देते. तीच गाडी इथल्या माझ्या पहिल्या जानेवारीत १०० किलोमीटरला १४ लिटरांवर गेली. लिटरला जेमतेम सात किलोमीटर. नाशिकला माझे वडील प्रत्येक वेळी टाकी फुल करून मीटरचे आकडे वहीत लिहून ठेवत असत आणि ॲव्हरेज थोडे जरी उतरले तरी त्याचे कारण सापडेपर्यंत स्वस्थ बसत नसत. ती सवय माझ्यातही उतरली आहे, त्यामुळे इतकी मोठी घट ‘थंडीत असे व्हायचेच’ म्हणून सोडून देणे मला जमले नाही. पुढच्या दोन हिवाळ्यांत घरच्या घरी जे बदल करता येतील ते एकेक करून पाहिले आणि प्रत्येकाचा परिणाम टाकीगणिक नोंदवला. महाराष्ट्रातून नव्याने कॅनडाच्या मैदानी प्रदेशात आलेल्यांना या वस्तू विकत घ्याव्यात की नाही हे ठरवताना उपयोग व्हावा, म्हणून तो अनुभव इथे सविस्तर मांडत आहे.

माझी रोजची फेरी घर ते ऑफिस ९ किलोमीटर आणि तेवढीच परत, अशी आहे. हे अंतर मुद्दाम सांगते, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर अवलंबून आहे. गारठलेल्या इंजिनाचा खरा खर्च पहिल्या काही किलोमीटरांत होतो. जुन्या प्रीमियर पद्मिनीचा चोक ज्यांनी ओढला असेल त्यांना हे लगेच उमगेल: थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून हवेच्या मानाने पेट्रोल जास्त सोडावे लागते. आजच्या गाडीत हा चोक दिसत नसला तरी तेच काम संगणक करतो, आणि इंजिन गरम होईपर्यंत करत राहतो. त्यात थंडीने घट्ट झालेले इंजिन ऑइल आणि गिअरबॉक्सचे ऑइल प्रत्येक फेऱ्याला विरोध करतात. हवासुद्धा जड होते. उणे २५ अंशांची हवा अधिक २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे २० टक्के अधिक दाट असते आणि तेवढाच तिचा अडथळाही वाढतो. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार शहरात चालणाऱ्या साध्या पेट्रोल गाडीचे ॲव्हरेज २५ अंशांच्या तुलनेत उणे ७ अंशांना सुमारे १५ टक्क्यांनी, आणि पाच-सहा किलोमीटरांच्या छोट्या फेऱ्यांत २४ टक्क्यांपर्यंत उतरते. विनिपेगच्या जानेवारीत उणे ७ हा ऊबदार दिवस मानला जातो, यावरून इथल्या परिस्थितीची कल्पना यावी.

सर्वांत आधी ब्लॉक हीटरबद्दल. हा इंजिनाच्या लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या मुख्य भागात बसवलेला विजेचा हीटर असतो. त्याचा प्लग गाडीच्या पुढच्या जाळीतून बाहेर लोंबतो आणि रात्री तो घरच्या सॉकेटला जोडतात. ज्यांनी हे कधी पाहिलेले नाही त्यांना पेट्रोलची गाडी विजेला लावलेली पाहून चकित व्हायला होते, पण मॅनिटोबात, म्हणजे विनिपेग ज्या प्रांतात आहे तिथे, हे दृश्य घरोघरी दिसते आणि पुष्कळ ऑफिसांच्या पार्किंगमध्येही प्रत्येक जागेसमोर सॉकेटचा खांब असतो. या कल्पनेचे जन्मस्थानही इथून फार दूर नाही. विनिपेगच्या दक्षिणेला सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर, सीमेपलीकडे, नॉर्थ डकोटातील ग्रँड फोर्क्स गावचे अँड्र्यू फ्रीमन यांनी इंजिनाच्या हेड-बोल्टच्या जागी बसणारा हीटर तयार केला आणि १९४९ मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. माझी गाडी मात्र ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरून आलेली, दुसऱ्या हाताने घेतलेली असल्याने तिच्यात हीटर नव्हता. तिकडच्या सौम्य हिवाळ्यात त्याची गरजही पडत नाही.

मी घेतलेला हीटर ४०० वॉटचा असून तो सुमारे ९० डॉलरना मिळाला. तो लहान नळकांड्यासारखा आहे आणि इंजिन ब्लॉकमध्ये कारखान्यातच ठेवलेल्या पोकळ जागेत सरकवून बसवायचा असतो. त्याचा कूलंटशी, म्हणजे इंजिनातून फिरून त्याची उष्णता वाहून नेणाऱ्या पाण्याशी, थेट संबंध येत नाही, म्हणून कूलंट काढून पुन्हा भरण्याची यातायात नाही. घरी काम करणाऱ्याला हा मोठा फायदा आहे, कारण दुसऱ्या एका सर्रास मिळणाऱ्या प्रकारात ब्लॉकचे बूच काढून तिथे हीटर बसवावा लागतो, सगळा कूलंट खाली येतो आणि बूच वाकडे बसले तर गळती लागते. मी सप्टेंबरच्या एका शनिवारी, इंजिन पूर्ण थंड असताना हे काम केले. नळकांड्याला उष्णता वाहून नेणारी पेस्ट सगळीकडून नीट लावणे फार महत्त्वाचे आहे, कारण मध्ये हवा राहिली तर उष्णता ब्लॉकला न मिळता हीटर स्वतःच जळून जातो. याच कारणासाठी हीटर बाहेर हातात धरून ‘चालतो का पाहू’ म्हणून प्लग लावू नये. बसवण्याची जागा इंजिनाच्या मागच्या बाजूला, हात जेमतेम शिरेल अशी आहे. तेवढ्यात मला दीड तास गेला, आणि वायर सायलेन्सरच्या पाइपापासून, इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यांपासून व पंख्यापासून दूर ठेवून प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधत जाळीपर्यंत आणण्यात आणखी तेवढाच. ज्यांना पाना-पकडीची सवय नाही त्यांनी गॅरेजवाल्याकडून हे काम करून घ्यावे; वायर चुकीच्या ठिकाणी घासत राहिली तर धोका आगीचा आहे.

हीटर रात्रभर चालू ठेवणे हा मात्र विजेचा निव्वळ अपव्यय आहे, आणि मी आजूबाजूला सर्वांत जास्त पाहिलेली चूकही हीच. दोन-अडीच तासांनंतर इंजिन जेवढी उष्णता घेते जवळजवळ तेवढीच बाहेरच्या हवेला देते, त्यामुळे त्यापुढे तापमान फारसे चढत नाही. कॅनडाच्या सरकारी नैसर्गिक संसाधन खात्याचा सल्लाही निघण्याच्या साधारण दोन तास आधी टायमरने हीटर चालू करण्याचा आहे. मी बाहेरच्या वापरासाठी बनवलेला, १५ अँपिअरचा टायमर ३० डॉलरना घेतला आणि तो पहाटे पाच वाजता सुरू होऊन साडेसातला बंद होईल असा लावला. अडीच तासांत बरोबर एक युनिट वीज जाते. मॅनिटोबाच्या दराने ते सुमारे १० सेंट होतात. या सगळ्या खरेदीत सर्वांत समाधान देणारी वस्तू कोणती असे कोणी विचारले तर मी या टायमरचे नाव घेईन. काटे फिरवण्याचा जुना यांत्रिक प्रकार घेऊ नये, असे मात्र आग्रहाने सांगते. माझा पहिला टायमर तसाच होता. उणे ३० च्या रात्री त्याची चक्रे गोठली आणि नेमक्या त्या सकाळी इंजिन थंडगार मिळाले. आताचा डिजिटल टायमर मी गॅरेजच्या भिंतीच्या आतल्या बाजूला लावला आहे.

एक्स्टेंशन वायरमध्ये काटकसर करू नये. घरातली साधी वायर कडाक्याच्या थंडीत काठीसारखी ताठ होते, तिचे आवरण तडकते आणि आतली तार उघडी पडते. थंडीतही लवचिक राहणारी, तीन पिनांची, १४ गेजची किंवा त्याहून जाड वायर घ्यावी. मला ती ३५ डॉलरना पडली. वायर शक्य तितकी आखूड असावी, आणि निघण्यापूर्वी प्लग काढला आहे याची खात्री व्हावी म्हणून मी वायरचे वेटोळे गाडीच्या डाव्या आरशावर अडकवते. आरशावर वेटोळे नसेल तर प्लग अजून लागलेला आहे, इतके साधे गणित.

आता परिणामाकडे येते. इंजिनाचे तापमान अंदाजाने बोलण्याची गोष्ट नव्हे, म्हणून स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकाची माहिती जिथून वाचता येते त्या जोडणीला) लागणारा २५ डॉलरचा ब्लूटूथ रीडर घेतला. तो कूलंटचे तापमान फोनवर दाखवतो. बाहेर उणे २२ असताना, हीटर न लावता सकाळी कूलंटही उणे २१ दाखवत असे आणि ७० अंशांपर्यंत पोहोचायला गाडी चालत असतानाही अकरा मिनिटे लागत; माझा अर्ध्याहून अधिक रस्ता तेवढ्यात संपलेला असे. हीटर अडीच तास लावल्यावर त्याच हवेत कूलंट अधिक १४ अंशांवर मिळू लागले आणि ७० अंश सहा मिनिटांत गाठले जाऊ लागले. इंजिन पहिल्याच प्रयत्नात, उन्हाळ्यासारख्या आवाजात सुरू होते. थंडीने निम्मी ताकद गमावलेल्या बॅटरीवरही त्यामुळे कमी ताण येतो.

पेट्रोलच्या आकड्यांकडे पाहताना एक गोष्ट मला स्वतंत्रपणे तपासायची होती. हीटर आल्यापासून काच लवकर साफ होऊ लागली आणि सकाळी जागेवर इंजिन चालू ठेवण्याची गरज संपली. मग बचत हीटरची की जागेवर पेट्रोल न जाळण्याची, हा प्रश्न उरतोच. म्हणून जानेवारीत दोन आठवडे मी हीटरही लावला नाही आणि गाडी जागेवरही तापवली नाही. काच खरवडून, इंजिन सुरू केल्यावर मिनिटभराने हळूहळू निघत असे. त्या दोन आठवड्यांत खप १०० किलोमीटरला १२.५ लिटर आला. म्हणजे १४ लिटरांवरून जी पहिली दीड लिटरची बचत झाली ती एक पैसाही खर्च न करता झाली. त्यानंतर हीटर नियमित लावल्यावर खप ११.२ लिटरांवर आला. हीटरचा स्वतःचा वाटा असा सुमारे दहा टक्क्यांचा आहे. एका गाडीच्या, एका माणसाच्या नोंदींना जेवढा अर्थ असतो तेवढाच या आकड्यांना आहे. दोन आठवडे कधीच सारख्या थंडीचे नसतात. पण फरक दर टाकीला त्याच दिशेने दिसत राहिला, म्हणून मी तो खरा मानते.

दुसरा बदल पुढच्या जाळीचा, आणि मनापासून सांगायचे तर यात मला सर्वांत अधिक आनंद मिळाला. इथल्या मोठ्या ट्रकांच्या तोंडाला हिवाळ्यात जाड कापडी झाकण बांधलेले दिसते. तेच तत्त्व छोट्या गाडीला लावायचे. कूलंट साधारण ८२ अंशांना पोहोचेपर्यंत थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, बंद असतो आणि रेडिएटरकडे गरम पाणी जातच नाही, हे खरे आहे. मग जाळी झाकून काय मिळणार, असा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर असे की जाळीतून घुसणारी बर्फाळ हवा रेडिएटर ओलांडून थेट इंजिनाच्या अंगावर, ऑइलच्या तळटाकीवर आणि गिअरबॉक्सवर आपटते आणि जी उष्णता आपण पेट्रोल जाळून निर्माण करतो ती उडवून नेते. शिवाय बॉनेटखाली शिरलेली हवा गाडीला मागे ओढते. तिला बाहेरूनच वळवले तर अडथळा कमी होतो. अनेक नव्या गाड्यांत कारखान्यातूनच जाळीमागे आपोआप उघडझाप करणाऱ्या झडपा येतात, त्या याच कारणासाठी.

घरच्या पाण्याच्या पाइपांवर चढवायची काळी फोमची नळी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तिच्या लांबीवर आधीच चीर दिलेली असते. ती मापाने कापून जाळीच्या आडव्या पट्ट्यांमध्ये दाबून बसवली की स्वतःच्या फुगवट्याने घट्ट राहते. गोंद नाही, भोक नाही, आणि काढायला एक मिनिट पुरते. मला बारा डॉलरच्या नळ्या पुरून उरल्या. वरची जाळी पूर्ण झाकली आणि खालची, जिथून रेडिएटरला मुख्य हवा मिळते ती, दोन तृतीयांश झाकून मधली फट मोकळी ठेवली. पहिल्या आठवड्यात निवडणुकीच्या फलकांसाठी वापरतात त्या पन्हाळीदार प्लॅस्टिकचा तुकडाही बांधून पाहिला होता. तो वाऱ्यात फडफडत राहिला आणि त्यामागे बर्फ साठला, म्हणून काढून टाकला. फोम मात्र संपूर्ण हिवाळा जागेवरून हलला नाही.

परिणाम पेट्रोलपेक्षा आधी गाडीच्या आतल्या उबेत जाणवला. उणे २८ च्या सकाळी सिग्नलला थांबल्यावर, आतला हीटर पूर्ण सोडलेला असताना, पूर्वी कूलंट ८० वरून ७२ पर्यंत घसरत असे. आता तो ८० च्या वरच राहतो. खप ११.२ वरून १०.७ लिटरांवर आला, पण त्या महिन्यात थंडीही किंचित कमी होती, त्यामुळे अर्ध्या लिटरचे पूर्ण श्रेय मी फोमला देणार नाही.

जाळी झाकण्यात धोका आहे आणि तो नीट समजून घेतल्याशिवाय कोणी हे करू नये. कूलंटचे तापमान आकड्यांत दिसण्याची सोय नसेल तर जाळी झाकू नये. डॅशबोर्डवरचा काटा किंवा दिवा पुष्कळ उशिरा बोलतो. टर्बो गाड्यांत हवा थंड करणारा इंटरकूलर पुढे असतो, त्याला अडवू नये. नव्या गाड्यांत पुढच्या चिन्हामागे किंवा खालच्या जाळीत टक्कर टाळणारा रडार असतो. तो झाकला गेला तर गाडीची सुरक्षा यंत्रणाच आंधळी होते. बाहेर अधिक ५ अंशांच्या वर हवा गेली की मी फोम काढते. महाराष्ट्रात तर हा प्रयोग करूच नये. तिथे नाशिकच्या जानेवारीतल्या पहाटेचा गारवाही इंजिनाच्या दृष्टीने थंडी नव्हे, आणि झाकलेली जाळी घाटात गाडी तापवून बंद पाडील.

काही वस्तू घेतल्या आणि त्यांचा उपयोग झाला नाही. चुंबकाने ऑइलच्या तळटाकीला चिकटणारा २०० वॉटचा हीटर चाळीस डॉलरना घेतला होता. तो रोज गाडी हलवण्यापूर्वी काढावा लागतो, म्हणजे उणे २५ मध्ये बर्फात गुडघे टेकून गाडीखाली हात घालावा लागतो. तिसऱ्या दिवशी परत केला. बॅटरीभोवती गुंडाळायचे गरम ब्लँकेट गाडी सुरू व्हायला मदत करते, पण पेट्रोल वाचवत नाही. बॉनेटखाली गोधडी किंवा घरातले कापूस-फोमचे थर लावण्याचा सल्लाही मला मिळाला होता. सायलेन्सरच्या तापलेल्या भागाशेजारी जळणारी वस्तू ठेवणे मला कोणत्याही बचतीसाठी मान्य नाही.

दोन गोष्टी बदलांत मोडत नाहीत, तरी त्यांच्याशिवाय वरचे आकडे मिळाले नसते. इंजिन ऑइल कंपनीने सांगितलेल्या ०डब्ल्यू-२० या पातळ दर्जाचे असावे. ५डब्ल्यूच्या मानाने ते गोठणबिंदूखाली बरेच प्रवाही राहते. आणि टायरची हवा दर दोन आठवड्यांनी तपासावी, कारण २० अंशांना ३२ पीएसआय भरलेला टायर उणे २५ ला सुमारे २५ पीएसआयवर येतो. अशा मऊ टायरवर गाडी चालवून पेट्रोल वाचवण्याच्या गप्पा करण्यात अर्थ नाही.

पैशांचा हिशेब असा. महिन्याला मी सुमारे ६०० किलोमीटर चालवते आणि पेट्रोल लिटरला १ डॉलर ४० सेंट धरले आहे. जागेवर इंजिन न तापवल्याने महिन्याला नऊ लिटर, म्हणजे साडेबारा डॉलर वाचतात, आणि त्यासाठी खर्च शून्य. फोमने फार तर चार डॉलर वाचतात, पण बारा डॉलरचा खर्च एकाच हिवाळ्यात वसूल होतो. हीटरने महिन्याला सुमारे आठ लिटर वाचतात; कामाच्या बावीस दिवसांची वीज वजा केली तर हातात साडेआठ-नऊ डॉलर राहतात. हीटर, टायमर आणि वायर मिळून १५५ डॉलर लागले, ते भरून यायला चार हिवाळे जातील. केवळ पैशांसाठी हीटर घेणाऱ्याने हे आधीच जाणून घ्यावे. माझ्या मते तरीही तो घेण्यासारखा आहे, कारण गोठलेले ऑइल ढकलत सुरू होणाऱ्या इंजिनाची जी झीज होते ती या हिशेबात आलेलीच नाही, आणि जागेवर गाडी तापवण्याची सवय मोडणे हीटरमुळेच मला शक्य झाले. उणे ३० ला गोठलेल्या काचेसमोर बसून लगेच निघा असे सांगणे सोपे असते. ती काच दोन मिनिटांत साफ होऊ लागली तेव्हाच मी ते करू शकले.

ज्यांची गाडी रात्री तापवलेल्या गॅरेजमध्ये असते त्यांना हीटरची गरज नाही. इमारतीत राहणाऱ्यांनी घरमालकाने पार्किंगला सॉकेट दिले आहे का, आणि त्यात वीज सलग येते की थंडीच्या मानाने आळीपाळीने चालू-बंद होते, हे आधी विचारावे; आळीपाळीने येत असेल तर टायमर अर्धा तास लवकर लावावा. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर हायवेने जाणाऱ्यांचे इंजिन वाटेत पुरेसे गरम होते, त्यांना हीटरपेक्षा फोमचा उपयोग अधिक होईल. माझ्यासारख्या आठ-दहा किलोमीटरच्या फेऱ्या असणाऱ्यांनी आधी हीटर बसवावा, आणि तो सप्टेंबरमध्येच बसवावा, कारण ऑक्टोबरच्या अखेरीस पहिला बर्फ पडला की गॅरेजवाल्यांकडे दोन-दोन आठवड्यांची रांग लागते आणि उघड्यावर गाडीखाली आडवे होऊन काम करणे शक्य राहत नाही.